एकवीस दिवसांची सुई

हिरामण नाईक तांडा, पुसेगाव
१२ नोव्हेंबर १९९५

भिया पुनमचंद,

तीन वर्षं झाली. लिहू का नको, यातच दिवाळी गेली. तू उत्तर देणार नाहीस हे धरूनच लिहिते. पाकिटावर तुझ्या ठेकेदाराच्या सोलापूरच्या हापिसाचा पत्ता टाकला आहे. तुझा रोलर सध्या कोणत्या रस्त्यावर फिरून राहिला ते मला ठाऊक नाही. हापिसातलं कोणी नेऊन देईल तर देईल.

मला काम लागलं आहे. डॉक्टर देवश्री पाठक म्हणून एक बाई औरंगाबादहून येतात. मूळच्या औंढ्याच्या, त्यांचे वडील देवळात पूजेला आहेत. पण तांड्यात आल्या की चटईवर बसतात, आपल्या घरचा चहा पितात. त्यांचं संशोधन चालू आहे, लेकरांच्या हृदयावर. हिंगोलीच्या आजूबाजूचे तांडे नि गावं मिळून सहा हजार पोरं तपासायची, प्रत्येकाचं लिहून ठेवायचं. बायामाणसांशी आपल्या गोरमाटी बोलीत बोलायला त्यांना कोणी पाहिजे होतं. सातवी शिकलेली मी एकटीच सापडले.

पहिल्या दिवशी तांडा हसला. जळबा नाईक म्हणाला, "औषध देत न्हाई, सुई देत न्हाई, नुसतं ऐकून जाते. ही कसली डॉक्टरीण?" बाईसुद्धा हसल्या. म्हणाल्या, "नाईक, आधी ऐकू तर द्या. काय ऐकू येतं त्याच्यावर औषध ठरेल."

आणि मग जे झालं ते सांगायलाच हे पत्र लिहायला बसले. बाईंनी त्यांची नळी माझ्या कानांत घातली नि दुसरं टोक माझ्याच छातीवर ठेवलं. भिया, आत कोणीतरी आहे. माझ्या आत, मला न विचारता, कोणी एक काम करून राहिलं आहे. धड-धप, धड-धप. मला वाटलं शेजारी कोणी मुसळ चालवतंय. मी मान वळवून पाहिलं, तर बाई म्हणाल्या, "इकडंतिकडं काय पाहता? तुम्हीच आहात."

मी विचारलं, दिवसातून किती वेळा होतं हे?

म्हणाल्या, "एक लाखाच्या आसपास."

"झोपेतबी?"

"झोपेतही. तुम्ही आईच्या पोटात होतात तेव्हापासून."

 छत्तीस वर्षांची झाले, गुरांमागे पळाले, लग्न केलं, नवरा गेला, माघारी आले. एवढ्या सगळ्यात एकदाही मला हे माहीत नव्हतं. त्या दिवशी घरी येऊन मी शेळीच्या बरगडीला कान लावला. तिचं तर माझ्यापेक्षा भरभर चालतं.

त्या गोष्टीबद्दल आज लिहीत नाही. एवढंच विचारते. तुझी नीलम आता आठ वर्षांची झाली असेल. तिचा घसा वरचेवर दुखतो का? गुडघे, घोटे सुजतात का? बाई सगळ्याच लेकरांचं विचारतात, म्हणून विचारलं. वैनीला रामराम.

तुझी बहीण,
मिरा


पुसेगाव
३ मार्च १९९६

भिया,

पत्र मिळालं का नाही कोणास ठाऊक. परत आलं नाही, म्हणजे कोणीतरी ठेवून घेतलं.

आतापर्यंत अकराशे लेकरं झाली. मी आता नुसती दुभाषी राहिले नाही. वजन करते, उंची घेते, घरात किती माणसं ते लिहिते. एका खोलीत किती जण झोपता असं विचारलं की बाया तोंडाला पदर लावून हसतात. पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. जितकी दाटी तितका घशाचा आजार एकाचा दुसऱ्याला लागतो, नि या दुखण्याची सुरुवात घशातूनच होते.

मागच्या आठवड्यात बाबूसिंगच्या पोरीचा नंबर लागला. नऊ वर्षांची, बांगड्या वाजवत नाचत आली. बाईंनी नळी लावली नि त्यांचा चेहरा थांबला. डाव्या कुशीवर निजवून पुन्हा ऐकलं. मग मला म्हणाल्या, "मिराबाई, डोळे मिटा नि ऐका."

धड-धप होतंच. पण दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत, जिथं काहीच नसायला पाहिजे, तिथं एक बारीक घरघर होती. पहाटे लांबच्या घरात कोणी जातं ओढावं तशी. मी बराच वेळ ऐकत राहिले. नळी काढली तर समोर ती पोरगी, तोंडात चिंच.

संध्याकाळी बाईंनी वहीत काढून दाखवलं. हृदयात चार खोल्या असतात नि मधे झडपा. रक्त पुढं जातं, झडप मिटते, मागं येऊ देत नाही. लेकराच्या घशात एक जंतू येतो. अंग त्याच्याशी लढतं नि जिंकतंसुद्धा. पण त्या जंतूचं रूप नि आपल्या झडपेचं रूप इतकं मिळतंजुळतं, की अंगाला फरक कळत नाही. वैरी समजून ते आपल्याच झडपेवर तुटून पडतं. आधी सांधे सुजतात. आज गुडघा, परवा घोटा, मग मनगट. महिनाभरानं सगळं उतरतं नि आईबाप म्हणतात, पोरगं बरं झालं. पण झडपेला व्रण राहून जातो. पुन्हा घसा, पुन्हा मार. वर्षांमागून वर्षं ती जाड होते, दार आवळत जातं.

भिया, आज गुडघा, परवा घोटा. मी पेन्सिल खाली ठेवली. तुझी थोरली शिला दहा वर्षांची होती तेव्हा तू तिला पाठीवर घेऊन पुसेगावला न्यायचास, आठवतं? आपण वात म्हणालो. उतरल्यावर नवस फेडला, बकरं कापलं.

मी बाईंना विचारलं, एक पोरगी होती, आठवा महिना होता, आडवं झालं की गुदमरायची. बाई म्हणाल्या, पोटुशीपणात अंगातलं रक्त दीडपट होतं. एवढं रक्त त्या आवळलेल्या दारातून जाणार कसं? ते मागं फुप्फुसात तुंबतं. आडवं झालं की बुडाल्यासारखं होतं.

मग त्यांनी विचारलं, "कोण होती?"

मी म्हणाले, नात्यातली.

नीलमचे सांधे पाहा. एवढंच सांगायचं होतं.

मिरा


पुसेगाव
२० जुलै १९९६

भिया,

हे पत्र मी तीनदा फाडलं.

तू शिलाच्या मातीला आलास तेव्हा मी तुला सांगितलं, अचानक झालं, कोणाला काही कळलंच नाही. ते खरं नव्हतं.

शिलाला बाळंतपणाला माझ्याकडं ठेवून तू नि वैनी कामावर गेलात. पंधरा दिवसांनी तिला चुलीपासून दारापर्यंत चालताना धाप लागायला लागली. उपकेंद्राची नर्सबाई आली होती. तिनं शिलाची नाडी धरली, पाय दाबून पाहिले नि मला बाजूला घेऊन म्हणाली, "हिला आजच हिंगोलीला न्या. हिच्या हृदयात काहीतरी आहे." चिठ्ठी लिहून दिली.

ती चिठ्ठी मी पत्र्याच्या पेटीत ठेवली. नऊ दिवस ठेवली.

काहून, ते तू विचारशील. तिच्या सासरचे आधीच बोलून राहिले होते, पोरगी कामाला ढिली आहे म्हणून. पोरीच्या काळजात खोट आहे हे त्यांच्या कानावर गेलं तर दुसरी करून आणतील, असं मला वाटलं. एकदा लेकरू होऊ दे, मग कोणी काही म्हणणार नाही, असं वाटलं. मी तिचं दुखणं झाकत होते, भिया. झाकलं की राहील असं मला वाटलं.

नवव्या दिवशी ती माझ्या खांद्याला टेकून बसली होती. म्हणाली, "फूपी, मला उभी कर, वारा येऊ दे." मी उभी केली. वारा होता. तिच्यापर्यंत पोचला नाही.

बाईंना मी काल सगळं सांगितलं. त्यांनी खोटा धीर दिला नाही. म्हणाल्या, "नेलं असतं तर वाचली असती असं मी सांगू शकत नाही. वाचली नसती असंही सांगू शकत नाही." मग बराच वेळ माझा हात धरून बसल्या.

माफी मागत नाही. तुला माहीत असलं पाहिजे, म्हणून लिहिलं.

मिरा


पुसेगाव
९ जानेवारी १९९७

भिया,

जनका वैनीचं कार्ड आलं. तिच्यावर चिडू नको. दुसऱ्या कोणाकडून लिहून घेतलं आहे. चारच ओळी आहेत. नीलमला दसऱ्याला ताप आला होता, नंतर डावा गुडघा सुजला, तो उतरला नि उजवा घोटा सुजला, आता ठीक आहे, पण पोरगी खेळता खेळता बसते.

आता ठीक आहे, असं आपण एकदा म्हणालो आहोत.

माझ्यावरचा राग ठेव, तो तुझा हक्क आहे. माझ्याशी बोलू नको. माझं तोंड पाहू नको. पण तीन फेब्रुवारीला, सोमवारी, हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात बाई येणार आहेत. हृदय पाहायची मशीन औरंगाबादहून जीपमधून आणणार आहेत. आतापर्यंत ज्या लेकरांच्या छातीत आवाज सापडला ती सगळी तिथं येतील. नीलमचं नाव मी यादीत लिहिलं आहे. मी तिथं नको असेन तर वैनीच्या हाती निरोप दे, मी दिवसभर बाहेर थांबेन.

सोलापूरहून रात्रीची एसटी परभणीला येते. तिथून हिंगोलीच्या गाड्या आहेत.

मिरा


पुसेगाव
६ फेब्रुवारी १९९७

भिया,

तू आलास. कडुनिंबाखाली बसलास, माझ्याकडं पाठ करून. मी पाहिलं. पोरीला वैनीबरोबर आत पाठवलंस नि स्वतः आला नाहीस. म्हणून आत काय झालं ते लिहिते. बापाला ते माहीत असलं पाहिजे.

खोली अंधारी केली होती. बाईंनी नीलमच्या छातीवर थंडगार चिकट मलम लावलं. ती खुदकन हसली. मग त्यावर एक लहानसं यंत्र टेकवलं नि समोरचा पडदा उजळला.

भिया, मी तुझ्या लेकीचं हृदय पाहिलं. कापलं नाही, टोचलं नाही, जिवंत पोरगी हसते आहे नि तिचं हृदय समोर पडद्यावर उघडतंय, मिटतंय. दोन झडपा अशा हलत होत्या जशी पाखराच्या पंखांची टोकं. मी आजवर देवळात गेले, सेवालाल महाराजांच्या भोगाला बसले, पण हात आपोआप जोडले गेले ते त्या खोलीत. वैनी तर खालीच बसली. नीलम म्हणाली, "फूपी, हे माझं हाय? मग हे मला काहून कळत न्हाई?"

बाईंनी एक बटण दाबलं नि रक्त रंगीत झालं. पुढं जाणारं निळं, इकडं येणारं लाल. आणि झडप मिटल्यावरही एक बारीक पिचकारी मागं उडत होती. बाईंनी बोट ठेवलं. "ही गळती. झडप पूर्ण मिटत नाही. पण थोडी आहे, मिराबाई. खूप वेळेत आली ही पोरगी."

आता नीट वाच. हे दुखणं पुन्हा उलटू नये म्हणून एकच उपाय आहे. पेनिसिलिनची सुई, दर एकवीस दिवसांनी. एकवीस वर्षांची होईपर्यंत तरी. सुई कमरेत देतात, फार दुखते. पंचवीस दिवस चालत नाही, महिना चालत नाही. तेवढ्या दिवसांत औषध अंगातून उतरतं नि जंतूला दार पुन्हा उघडं राहतं. बाईंनी पिवळं कार्ड नि डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिली आहे, वैनीजवळ आहे. जिथं रस्त्याचं काम असेल तिथल्या सरकारी दवाखान्यात दाखव.

तुझा मुक्काम हलत राहतो, दिवस ध्यानात राहणार नाहीत. मी दर सुईच्या आधी एक कार्ड टाकत जाईन. उत्तर देऊ नको. फक्त सुई दे.

मिरा


पुसेगाव
१४ सप्टेंबर १९९८

भिया,

नेहमीच्या कार्डावर हे मावणार नाही. (सुई एकवीस तारखेला, सोमवारी.)

हट्टा गावात शाळेतल्या पोरांची तपासणी चालू होती. एका मुलीच्या घरी सही घ्यायला गेले तर तिची वहिनी भिंतीला टेकून बसलेली. लक्ष्मीबाई नाव, बाविशीची, पाचवा महिना. मी विचारलं, "आडवी काहून होत न्हाई बाई?" सासू म्हणाली, "तिची नाटकं हायेत. रात रात बसून राहते."

 मी नळी काढली. आता माझी स्वतःची नळी आहे. जात्याची घरघर होती. भिया, ती इतकी स्पष्ट होती की मला शिलाचाच श्वास कानात आला.

मी सासूला म्हणाले, हिला आज न्यायचं, आत्ता न्यायचं. ती म्हणाली, तुमी कोण? मी सांगितलं. शिलाचं सगळं सांगितलं, चिठ्ठीचंसुद्धा. पहिल्यांदाच परक्या माणसापुढं बोलले. सासूनं भांडं खाली ठेवलं नि लेकाला हाक मारली. जीप मिळेपर्यंत ती सुनेच्या पाठीला हात लावून बसली.

औरंगाबादला मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, पोट फाडायचं नाही, छाती फाडायची नाही. बाईंनी मला काचेमागं उभं राहू दिलं. लक्ष्मीबाईच्या पोटावर शिशाचं जड पांघरूण घातलं, लेकराला किरण लागू नयेत म्हणून. ती जागी होती. मांडीतल्या शिरेतून एक बारीक तार आत घातली. ती तार पडद्यावर काळ्या दोऱ्यासारखी वर वर सरकत गेली, पोटातून, छातीत, हृदयात. मधली भिंत ओलांडून त्या आवळलेल्या दाराशी थांबली. तारेच्या टोकाला फुगा होता, लहान लेकराच्या अंगठ्याएवढा. डॉक्टरांनी तो फुगवला. दारात अडकलेला फुगा मधे कमरेसारखा आवळलेला दिसत होता. आणि मग एकदम ती कंबर सुटली. फुगा सरळ झाला. बस. एक श्वास घेऊन सोडावा एवढा वेळ.

कोणी ओरडलं नाही, कोणी टाळी वाजवली नाही. डॉक्टरांनी फुगा काढला नि म्हणाले, "उघडलं."

माणसानं हे कसं शोधलं असेल? कोणी पहिल्यांदा म्हटलं असेल, की धडकणाऱ्या हृदयात तार घालू नि दार उघडू? आणि तो किती रात्री झोपला नसेल?

संध्याकाळी मी लक्ष्मीबाईच्या खाटेजवळ गेले. ती सपाट आडवी होती. गाढ झोपलेली, तोंड उघडं, घोरून राहिली होती. तिची सासू पायाशी बसून नुसती पाहत होती. मला म्हणाली, "दोन महिन्यांनी झोपली बघा." मी बाहेर येऊन जिन्यात बसले नि खूप रडले. शिला गेली त्या वर्षीही हे जगात होतं. तिथवर जायचा रस्ता माझ्या पेटीत घडी घालून पडला होता.

मिरा


पुसेगाव
(आता जिल्हा परभणी लिहायचं नाही, जिल्हा हिंगोली)
२९ जून २००१

भिया,

परवा तू गेल्यावर मला बोलायचं सुचलं. समोर होतास तेव्हा जीभ उचलली नाही, म्हणून लिहिते.

नीलम दवाखान्यातल्या खोलीत शिरली नि मी ओळखलंच नाही. चौदा वर्षांची, वैनीपेक्षा उंच. तिच्यामागं तू आलास. चार वर्षांपूर्वी झाडाखाली बसणारा माझा भाऊ या वेळी आत आला, खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली नि बाईंच्या टेबलावर ठेवली. पिवळं कार्ड भरलं म्हणून दुसरं, मग तिसरं, सुईदोऱ्यानं शिवलेलं. अक्कलकोट, इंडी, विजापूर, आणखी कुठली कुठली नावं, काही शिक्के तर कानडीत. बाई बोटानं एकेक तारीख मोजत गेल्या. मी त्यांच्याबरोबर सहा वर्षं आहे, अशी कार्डं मी पाहिली नव्हती. सत्याहत्तर सुया. त्यातली एकच चार दिवस उशिरा, नि तिच्यापुढं तुझ्या अक्षरात, 'पूर होता. रस्ता बंद.'

बाई म्हणाल्या, "शहरातले शिकलेले आईबाप वर्षभरात कंटाळतात. तुम्ही हे कसं केलं?"

तू म्हणालास, "हिची कार्डं यायची ना."

आणि मशीन लावल्यावर ती पिचकारी शोधावी लागली. बाईंनी पडदा जवळून पाहिला, पुन्हा पाहिला. होती, पण नावाला. झडप भरून आली होती. औषधानं नाही, बाई म्हणाल्या, औषधानं फक्त पुन्हा मार बसू दिला नाही. भरून तिचं तिनंच काढलं. चार वर्षं कोणी छेडलं नाही तर हृदय आपली जखम आपण भरतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

नंतर बाहेर चहाच्या गाड्यावर तू जे बोललास ते मी कोणाला सांगितलेलं नाही. "चिठ्ठीचं मला तवाच ठावं होतं. नर्सबाईनं मातीच्या दिवशीच सांगितलं. तू कधी सांगशील ते पाहून राहिलो होतो." मग पेला खाली ठेवलास. "आन् मी तरी काय केलं, मिरा? त्या महिनाभरात एकदाबी पोरीकडं येऊन गेलो न्हाई. पगारी काम सुटंल म्हणून. राग तुझ्यावर धरला, कारन् सोताचं तोंड पाहवत नव्हतं."

 तू माझ्या चहाचेही पैसे दिलेस नि गाडी पकडलीस.

संशोधनाचा कागद विलायतेच्या एका मासिकात छापून आला आहे. बाईंनी दाखवला. सहा हजार चारशे लेकरं, त्यातल्या एकतीस जणांच्या झडपेला हे दुखणं. इंग्रजीत आहे, मला वाचता येत नाही. पण शेवटी आभारात माझं नाव आहे, ते अक्षर अक्षर लावून वाचलं.

पुढची सुई सोळा जुलैला.

मिरा


पुसेगाव
१८ एप्रिल २००५

भिया,

फोनवर तू एवढंच ऐकलंस, की पाहुणे आले, गेले, सगळं सांगितलं. बूथवाला पुढच्या गिऱ्हाइकासाठी घाई करून राहिला होता. खरं काय झालं ते आता लिहिते.

तू म्हणालास, पावसाच्या आधी डांबर संपवायचं आहे, मला सुट्टी नाही, तू ठरव, पोरगी तुझ्या हातात दिली. हे शब्द तू पुन्हा मला म्हणशील असं मला या जन्मी वाटलं नव्हतं. दोन दिवस मी त्याच्यावरच जगले.

शंकरसिंग नि त्याची बायको कनेरगाव नाक्याजवळच्या तांड्यातून आले. मुलगा कुलदीप, टेंपो चालवतो, स्वभावानं शांत. बरोबर त्याची लहान बहीण, अकराएक वर्षांची. पोहे झाले, चहा झाला. नीलम त्यांना आवडली हे सगळ्यांच्या तोंडावर दिसून राहिलं होतं.

त्याआधी चुलीपाशी वैनीनं माझा हात धरला होता. "आज नको सांगू, मिरा. साखरपुडा होऊ दे. डॉक्टरीणबाईच म्हणाल्या ना, लग्न करा, लेकरंबाळं होतील, सुई तेवढी चालू ठेवा? मग काहून सांगायचं?" जळबा नाईकसुद्धा हळूच म्हणाला, "काही गोष्टी पदराखाली बऱ्या असतात."

मी बाहेर येऊन चटईवर बसले. म्हणाले, "पाहुणे, एक गोष्ट हाय. पोरीला लहानपणी—" आणि तिथंच थांबले. शिलाच्या सासरचे चेहरे समोर आले. शंभर गावांत बोलले मी, भिया, पण स्वतःच्या दारात शब्द फुटेना.

तेव्हा नीलम उठली. कार्डांची पिशवी आणली नि सासू होणाऱ्या बाईपुढं ठेवली. "मला लहानपणी सांध्यांचा ताप आला होता. तो हृदयाला लागला. आता बराबर हाय. पण एकवीस दिवसांनी सुई घ्यावी लागते, आनखी काही वर्षं. लेकरू व्हायच्या वक्ताला मोठ्या दवाखान्यात दाखवावं लागंल. हे कबूल असंल तर पुढं बोला."

 वैनीनं डोळे मिटले होते. शंकरसिंग कार्डं उलटून पाहत होता. शेवटी कुलदीपनंच विचारलं, बापाकडं न पाहता, "ती सुई कनेरगावला भेटते का? का हिंगोलीला यावं लागंल?"

मी म्हणाले, कनेरगावला मिळते.

"मग टेंपोची फेरी बसवून घेईन."

 शंकरसिंगची बायको एकदम उठली नि मला गोठ्यामागं घेऊन गेली. मला वाटलं, आता नकार देते. तिनं माझे दोन्ही हात धरले.  "बाई, माझ्या पोरीचे सांधे सुजले होते. गुदस्ता गुडघे, यंदा घोटा. कोणाला सांगितलं न्हाई. हिच्या बापालाबी न्हाई. पोरीची जात, उद्या कोण पदरात घेईल म्हणून. तुमी ऐकता का? इथंच, कोणाला न कळू देता?"

मी तिच्याकडं पाहिलं नि मला तेरा वर्षांपूर्वीची मी दिसले. मी म्हणाले, "ऐकते. पन इथं न्हाई. समद्यांम्होरं."

 ती पदर नीट करून चटईवर गेली, पोरीला माझ्यासमोर बसवलं नि नवऱ्याला मोठ्यानं सांगितलं. शंकरसिंगचा हात कार्डावरच राहिला. मी नळी लावली.  आवाज होता, भिया. पिचकारीचा, फार मोठा नाही. नीलमचा होता तेवढाच.

शंकरसिंग म्हणाला, "सोयरीक पक्की. तारखेचं मागून पाहू. आधी पोरीला दाखवून येऊ."

उद्या सकाळच्या गाडीनं आम्ही हिंगोलीला चाललो. ती पोरगी, तिची आई, मी नि नीलम. पाहुणे निघताना पोरगी दारात नीलमला चिकटून उभी होती. हळूच विचारत होती, "भाभी, सुई लई दुखती का?"

नीलम म्हणाली, "दुखती. एक दिवस. मग वीस दिवस दुखत न्हाई."

मिरा